अंकांची वाट

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात पोशीर नावाचे एक गाव आहे. याच नावाची नदी या परिसरातून वाहते आणि पुढे उल्हास नदीस मिळते. उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण अशी वाट काढीत वसईच्या खाडीतून समुद्राला भेटते. गावाच्या पूर्वेला सह्याद्रीची उंच भिंत उभी आहे, पश्चिमेला माथेरानचा डोंगर आहे, आणि मधल्या सखल भागात भाताची खाचरे व ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या पसरल्या आहेत. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला सहज वाटेल की, जगाच्या इतिहासातील मोठ्या घटना कोठे तरी दूर, राजधान्यांत आणि रणांगणांवर घडल्या. आपल्या मुलखाशी त्यांचा काय संबंध?

परंतु हा समज खरा नव्हे. शून्य ते नऊ हे जे दहा अंक आपण रोज वहीत लिहितो, त्यांनी साऱ्या जगाचा व्यवहार बदलून टाकला. त्या अंकांच्या दीर्घ प्रवासाच्या दोन खुणा पोशीरपासून फार दूर नाहीत. एक खूण ईशान्येस नाणेघाटात आहे, तर दुसरी वायव्येस अंबरनाथच्या मंदिरात. या दोन खुणांच्या मध्ये सुमारे अकराशे वर्षांचे अंतर आहे. त्या काळात मानवी बुद्धीने केवढी मजल मारली, हे त्या दोन दगडांवरून कळते.

प्रथम नाणेघाटाकडे वळू. मुरबाडकडून जुन्नरला चढणारी ही प्राचीन घाटवाट. माथ्याजवळ एक लेणे कोरलेले असून त्याच्या भिंतींवर सातवाहन राजघराण्याचा लेख आहे. हा लेख इसवी सनाच्या पूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. यज्ञप्रसंगी किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, याची त्यात मोजदाद आहे, आणि ती अंकांनी लिहिलेली आहे. मात्र ते अंक आपल्या अंकांसारखे चालत नाहीत. तेथे दहासाठी एक चिन्ह, वीससाठी दुसरे, शंभरासाठी तिसरे, हजारासाठी चौथे. हजाराच्या चिन्हाला सहाचे चिन्ह जोडले की सहा हजार होत, दहाचे जोडले की दहा हजार. संख्या जितकी मोठी तितकी चिन्हांची गर्दी मोठी. शून्य तर तेथे नाहीच. कारण त्या पद्धतीत शून्याची गरजच भासत नव्हती.

आता अंबरनाथला चला. वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचे एक अप्रतिम शिवमंदिर उभे आहे. त्याच्या उत्तरेकडील दारावर एक लहानसा लेख आहे. त्यात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव असून वर्ष दिले आहे शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. येथे नऊ, आठ आणि दोन ही केवळ तीन चिन्हे आहेत. नऊ हा अंक तिसऱ्या घरात बसला म्हणून तो नऊशे झाला. आठ दुसऱ्या घरात म्हणून ऐंशी. दोन पहिल्या घरात म्हणून दोनच. अंक तोच, पण जागा बदलली की त्याची किंमत बदलते. यालाच आपण स्थानिक किंमत म्हणतो. आपल्याला ही गोष्ट अगदी साधी वाटते, कारण ती आपण लहानपणीच शिकलो. परंतु नाणेघाटचा लेख कोरणाऱ्या निष्णात कारागिराला ती ठाऊक नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

या अंबरनाथच्या लेखाबद्दल एक बोधप्रद हकीकत आहे. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी हा लेख प्रथम वाचला, तेव्हा त्यातील पहिला अंक सात आहे असे समजून वर्ष शके ७८२ मानले गेले. पुढे अधिक बारकाईने पाहता तो अंक नऊ असल्याचे सिद्ध झाले. एका अंकाच्या वळणाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले! स्थानिक किंमतीत जेवढे सामर्थ्य आहे, तेवढीच जबाबदारीही आहे, हे यावरून दिसते.

ज्या काळात हा लेख कोरला गेला, त्या काळाला इतिहासकार मध्ययुग म्हणतात. सामान्यतः सहाव्या-सातव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंतचा हा काळ. युरोपचा इतिहास सांगताना काही लेखकांनी त्याच्या आरंभीच्या शतकांना 'अंधारयुग' असे नाव दिले. हे नाव ऐकून अनेकांची अशी समजूत होते की, त्या काळी सारे जगच अज्ञानात चाचपडत होते. अंकांच्या इतिहासाला विचारले तर तो निराळीच साक्ष देतो.

इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त नावाच्या गणितज्ञाने आपल्या 'ब्रह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात शून्याशी बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार कसा करावा याचे नियम सांगितले. शून्य म्हणजे केवळ रिकामी जागा नव्हे, तीही एक संख्याच आहे, हा विचार येथे स्पष्ट झाला. ग्वाल्हेरच्या एका मंदिरात इसवी सन ८७६ चा लेख आहे. त्यात देवाच्या बागेचे माप २७० हात लांब व १८७ हात रुंद असे दिले असून रोज ५० माळा देण्याचा उल्लेख आहे. या २७० मधील आणि ५० मधील शून्य आजही डोळ्यांनी पाहता येते. बाग मोजण्याच्या, माळा मोजण्याच्या साध्या कामात शून्य रुळले होते, याचा तो पुरावा होय.

शून्य आणि अंक बागेपर्यंत पोचले, तसे ते बाजारापर्यंतही पोचले. बाजाराचा विचार करायचा तर शिलाहारांच्या कोकणासारखे दुसरे ठिकाण नाही. उत्तर कोकणावर शिलाहार घराण्याने सुमारे साडेचारशे वर्षे राज्य केले. त्यांच्या ताम्रपटांत या प्रदेशाचे वर्णन 'चौदाशे गावांचा देश' असे येते. स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे त्यांचे प्रमुख नगर. शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चेमुली म्हणजे चौल ही त्यांची भरभराटीची बंदरे. सह्याद्रीवरून बैलांच्या पाठीवर माल उतरे, खाडीतून होड्यांनी तो बंदरात जाई, आणि तेथून गलबते त्याला परदेशी नेत.

चौल बंदराचे वर्णन एका परदेशी प्रवाशाने केले आहे. इसवी सन ९१६ च्या सुमारास अल-मसूदी नावाचा बगदादचा विद्वान तेथे आला होता. तो या गावाला 'सैमूर' म्हणतो. तेथे झंझ नावाचा राजा राज्य करीत होता, असे तो सांगतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान तेथे घरे करून राहत होते, असेही त्याने लिहून ठेवले आहे. झंझ हा शिलाहार कुळातला राजा. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या रायगडच्याच किनाऱ्यावर कोकणी आणि अरबी या दोन्ही बोली एकाच बाजारात कानांवर पडत असत!

एवढा व्यापार चालायचा तर हिशेब आलाच, आणि हिशेब आला की जकातही आली. शिलाहार राजा अनंतदेव याचा शके १०१६ चा, म्हणजे इसवी सन १०९४-९५ चा एक ताम्रपट खारेपाटण येथे मिळाला. त्यात आपल्या अमात्याला आणि त्याच्या भावाला राजाने दिलेल्या जकातमाफीची नोंद आहे. स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली अशा बंदरांची नावे त्यात आली आहेत. यातील नागपूर म्हणजे विदर्भातील शहर नव्हे, हे कोकणातीलच एक बंदर. कोणाच्या मालावर किती जकात घ्यावयाची आणि कोणाला ती माफ करावयाची, हे ठरवणाऱ्या कारकुनाला, तसेच नफा-तोटा पाहणाऱ्या व्यापाऱ्याला, झटपट आणि बिनचूक गणित करण्याची गरज होती. स्थानिक किंमत आणि शून्य यांनी ती गरज भागविली.

व्यापारी केवळ कापड आणि मसालेच नेत नाहीत. त्यांच्याबरोबर रीतीभाती जातात, शब्द जातात आणि विद्याही जाते. आपले अंक असेच परदेशी गेले. सीरियातील सेवेरस सेबोख्त नावाच्या एका ख्रिस्ती धर्मपंडिताने इसवी सन ६६२ मध्येच भारतीयांच्या नऊ अंकांची स्तुती केली आहे. पुढे इसवी सन ७६२ मध्ये खलिफा अल-मन्सूर याने बगदाद नगरी वसविली. काही वर्षांतच तेथे भारतातील ज्योतिषशास्त्राचे ग्रंथ पोचले आणि त्यांचे अरबी भाषांतर झाले. इसवी सन ८२५ च्या सुमारास अल-ख्वारिझ्मी या थोर गणितज्ञाने भारतीय गणनपद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज संगणकाच्या कामात 'अल्गोरिदम' हा शब्द आपण ऐकतो, तो या अल-ख्वारिझ्मीच्या नावावरूनच बनला आहे.

त्यानंतर दोनशे वर्षांनी, इसवी सन १०३० च्या सुमारास, अल-बेरूनी या पंडिताने भारतावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने कोकणची राजधानी म्हणून ठाण्याचा उल्लेख केला आहे. भारतात निरनिराळ्या प्रांतांत अंकांची वळणे निरनिराळी आहेत, आणि आम्ही वापरतो ती त्यांतील उत्तम वळणांवरून घेतली आहेत, असेही तो सांगतो. दुसऱ्याचे चांगले ते घ्यावे आणि कोणाकडून घेतले ते मोकळेपणाने सांगावे, हा खऱ्या विद्वानाचा गुण त्याच्या लेखणीत दिसतो.

अरब देशांतून हे अंक युरोपात शिरले. पीसा या इटालियन नगरातील लिओनार्दो, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, याचे वडील उत्तर आफ्रिकेतील एका बंदरात पीसाच्या व्यापाऱ्यांचे काम पाहत. तेथे मुलाने भारतीय अंक शिकून घेतले आणि इसवी सन १२०२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. तोपर्यंत युरोपात रोमन अंक चालत. आपण तीन अंकांत लिहितो ती ९८२ ही संख्या रोमन पद्धतीने लिहावयाची तर आठ अक्षरे लागतात. त्या अक्षरांनी गुणाकार करणे तर फारच अवघड. म्हणून तेथील व्यापारी खडे किंवा गोट्या फळीवर मांडून हिशेब करीत आणि उत्तर तेवढे अक्षरांत लिहीत.

नवी गोष्ट कितीही सोयीची असली तरी ती सहजासहजी स्वीकारली जात नाही. फ्लॉरेन्स नगरातील सराफांच्या संघाने इसवी सन १२९९ मध्ये हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक लिहिण्यास बंदी केली. शून्याचा सहा किंवा नऊ करणे लबाडाला सोपे जाते, अशी भीती त्यामागे असावी. अंबरनाथला सात आणि नऊ यांच्यात झालेला घोटाळा आठवला, तर ती भीती अगदीच निराधार नव्हती, हे आपल्याही लक्षात येईल. तथापि उपयोगी ज्ञान फार काळ अडवून ठेवता येत नाही. हळूहळू सारे युरोप या अंकांनी हिशेब करू लागले. आपल्या 'शून्य' या शब्दाचा अरबांनी 'सिफ्र', म्हणजे रिकामे, असा अनुवाद केला; त्याचे लॅटिनमध्ये 'झेफिरम' झाले, आणि त्यातूनच इंग्रजीतला 'झीरो' निघाला. पाव्हणा परदेशी गेला, तेथील पोशाख ल्याला आणि नवे नाव घेऊन परत आला, तसेच हे झाले.

पीसामध्ये लिओनार्दोचा ग्रंथ तयार होत होता त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात काय चालले होते? भास्कराचार्य हे त्या युगातील सर्वश्रेष्ठ गणिती. त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले आहे असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ रचला. 'लीलावती' हा त्याचाच पहिला भाग. त्यात कमळे, भुंगे, मोर आणि साप यांच्या मनोरंजक उदाहरणांतून गणित शिकविलेले आहे.

या 'लीलावती'च्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक दिले आहे, ते पाहिले म्हणजे त्या काळच्या बाजाराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका द्रम्मास १,२८० कवड्या झाल्या, आणि एका निष्कास २०,४८०! या कवड्या मुख्यतः मालदीव बेटांकडून समुद्रमार्गे येत. 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे शब्द आपण आजही वापरतो. ते त्या काळच्या बाजाराची आठवण जपून आहेत.

व्यापाऱ्याला नित्य लागणारे त्रैराशिकही भास्कराचार्यांनी शिकविले. समजा, तीन द्रम्मांना बारा मापे तांदूळ मिळतात, तर पाच द्रम्मांना किती मिळतील? बारांना पाचांनी गुणावे आणि तिनांनी भागावे. उत्तर वीस मापे. कल्याणचा वाणी असो की बगदादचा सौदागर, दोघांनाही हे गणित सारखेच उपयोगी होते. गणिताला जात नसते, धर्म नसतो, देशही नसतो. म्हणूनच ते सर्व देशांत आपलेसे होऊ शकले.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालू राहावे म्हणून त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक मठ स्थापिला. त्याची माहिती देणारा इसवी सन १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यातील मजकूर मोठा विचार करण्यासारखा आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई, त्यावर गिऱ्हाइकांकडून राजाकडे जाणारे उत्पन्न या मठास दिले गेले. आपण मीठ घेतले, धान्य घेतले, की त्यातला अंश गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जाई! बाजाराला गणिताची गरज होती आणि गणिताला बाजाराने पोसले. मध्ययुगातील नगर आणि विद्या यांचे नाते याहून अधिक चांगल्या रीतीने कोठे दिसणार?

तथापि या चित्राची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. भास्कराचार्यांचे ग्रंथ संस्कृतात होते, आणि मठात बसून ते शिकण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभे. डोंगरातला कातकरी, खाचरातला शेतकरी, बाजारात भाजी विकणारी बाई यांच्यापर्यंत ते ग्रंथ पोचत नसत. ही माणसे बोटांच्या पेरांवर मोजत, कवड्या मांडत, दोरीला गाठी मारीत. पुढे गावोगावच्या पंतोजींच्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे घुमू लागले, तरी तेथेही सर्वांच्या मुलांना आणि विशेषतः मुलींना जागा मिळत नसे. आज पोशीरच्या शाळेत काय, की मुंबईच्या शाळेत काय, मुलगा आणि मुलगी एकाच बाकावर बसून तेच दहा अंक गिरवितात. अंकांच्या साऱ्या प्रवासात हा टप्पा सर्वांत उशिरा आला, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे.

चांगदेवाचा मठ आज राहिला नाही. तेथील पाठ केव्हाच थांबले. मग भास्कराचार्यांचे ज्ञान कसे टिकले? ते एका मठात कोंडून राहिले नाही म्हणून टिकले. भारताच्या अनेक प्रांतांत लेखकांनी त्यांच्या ग्रंथांच्या पोथ्या उतरून घेतल्या, पंडितांनी त्यांवर टीका लिहिल्या. इसवी सन १५८७ मध्ये अकबर बादशहाच्या दरबारातील फैजी या कवीने 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले. पुढे १८१७ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. सोने वाटले तर कमी होते. विद्या मात्र वाटली तरच उरते.

दगडावरचे लेख मात्र असे वाटून घेता येत नाहीत. ते एकदाच कोरलेले असतात आणि फुटले की कायमचे नाहीसे होतात. आपल्या कोकणात अनेक गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात, शेताच्या बांधावर जुने कोरीव दगड पडलेले आढळतात. कोणी त्यांवर कपडे धुतो, कोणी त्यांना तेलरंग फासतो, कोणी तो पायरीला बसवितो. त्या दगडावर एखादा अंक असेल, तर तो केवळ एक अंक नसतो. शेकडो वर्षांची कालगणना त्याच्या वळणावर अवलंबून असते. अंबरनाथचा तो एक नऊ झिजून गेला असता, तर मंदिराचे खरे वय आपल्याला कधीच कळले नसते.

म्हणून, मुलांनो, आपल्या परिसरात असा दगड दिसला तर त्याला धक्का लावू नका. खिळ्याने खरवडू नका, त्यावर आपले नाव कोरू नका. गुरुजींना सांगा, त्याची नोंद पुरातत्त्व खात्याकडे पोचवा. आणि वहीत पुढचे गणित मांडताना, त्यातील प्रत्येक अंक अनेक देशांच्या माणसांनी हाताहातांतून आपल्यापर्यंत पोचविला आहे, याची जाणीव ठेवा. आपणही तो स्वच्छ, सुबक आणि बिनचूक लिहून पुढच्यांच्या हाती द्यावयाचा आहे.